तुझ्या शेजारणीला सांग

तीर्थस्वरूप अक्कास,

नमस्कार. साष्टांग म्हणायचं तर आठही अंगं जमिनीला टेकवावी लागतात आणि माझे दोन्ही पाय या क्षणी गुडघ्यापर्यंत पाण्यात आहेत. तेव्हा मी जेवढी कोरडी आहे तेवढीचा नमस्कार तूर्त गोड मानून घे, उरलेला पुसून पाठवते. तलावाच्या काठावर बसून लिहिते आहे. सकाळच्या तुकड्या गेल्या, दुपारची बायकांची तुकडी यायला अजून दीड-दोन तास आहेत आणि पाणी इतकं स्वस्थ पडलंय की त्याला जागं करायचं जिवावर येतंय. वरच्या काचांतून ऊन पाण्यावर उतरतं, पाण्यावरून उलटं छतावर जातं आणि तिथे असं हलत राहतं की पाच मिनिटं बघितलं तर आपण वर आहोत की खाली हेच कळेनासं होतं. (अक्षर कुठे फुटलेलं दिसलं तर अश्रू समजू नकोस. शिंतोडे आहेत.) तुझा गुडघा काय म्हणतो? शिलाई मशीनचा पट्टा बदललास का, की अजून गाठ मारूनच चालवते आहेस? इकडे ह्यांची तब्येत ठीक. दुकानातली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात आणि हे प्रत्येकावर विश्वास ठेवतात, त्यामुळे जेवायला कधी येतील ते सांगता येत नाही. लेक-जावई मजेत आहेत.

तुझं पत्र पोचलं. चार पानं. पहिल्या साडेतीन पानांत शाळेच्या दोनशे गणवेशांची ऑर्डर, काजं करणाऱ्या बाईचा कामचुकारपणा आणि मांजरीने कापडाच्या ताग्यावर घातलेली पिल्लं (त्यांची नावं कळव). शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी मात्र दोन वाक्यं इतक्या बारीक अक्षरात, की मला ह्यांचं डोळ्याला लावायचं भिंग मागून घ्यावं लागलं. पहिलं वाक्य, महिनाअखेरच्या रविवारी तुला यायला जमणार नाही, तब्येत जरा नरम आहे. दुसरं, तुझ्या एका शेजारणीला वर्षभर खाली खाज सुटते, आग होते, पांढरं जातं, ट्यूब लावली की थांबतं आणि पुन्हा येतं. माझी बायकांत ऊठबस म्हणून तू विचारते आहेस. आणि पत्र वाचून फाडून टाकावं.

फाडलेलं नाही. आधी मला पहिल्या वाक्याचा राग आला, तो सांगून टाकते. तो रविवार म्हणजे आमचा तरंगायचा रविवार. पन्नाशी उलटलेल्या, आयुष्यभर पाण्याला भ्यालेल्या माझ्या सात बायका त्या दिवशी उथळ टोकापासून खोल टोकापर्यंत पाठीवर तरंगत जाणार, कुणाचाही हात न लागता. आणि तू तीन वर्षं 'पुढच्या खेपेला' म्हणत म्हणत या खेपेला कबूल झाली होतीस की कंबरेपर्यंत का होईना पाण्यात उतरशील. मी फक्त तुझं डोकं माझ्या तळहातावर धरणार होते. कितीदा मी ते मनात धरून पाहिलंय! तुझे पांढरे केस पाण्यात पसरलेत, कानांत पाणी गेल्यामुळे मी काय म्हणते ते तुला ऐकू येत नाही आणि आयुष्यात पहिल्यांदाच तू मला उलट उत्तर देत नाहीस. तर त्या स्वप्नावर तू दोन बोटांएवढ्या ओळीने बोळा फिरवलास. मग मी दुसरं वाक्य वाचलं आणि माझा राग गेला.

तेव्हा आधी तुझ्या शेजारणीचं बघू. तिला सांग की तू अगदी योग्य ठिकाणी विचारलंस, कारण हेच दुखणं मला सव्वा वर्ष होतं. दचकू नकोस आणि 'मला का नाही सांगितलंस' असंही लिहू नकोस. आपल्या घरात गुडघा, दात आणि पित्त एवढेच आजार बोलायचे असतात. बाकीचे अवयव देवाने दिलेत हे आपल्याला तत्त्वतः मान्य आहे, इतकंच. डॉक्टरीणबाई त्याला यीस्टचा संसर्ग म्हणतात, म्हणजे एक प्रकारची बुरशी. ती म्हणे तशी आपल्या अंगावर राहतच असते, निमूटपणे, भाडेकरूसारखी. एखाद्या वेळी तिला ओल मिळते, ऊब मिळते आणि ती सगळं घर आपलंच समजायला लागते. मी तिचं नाव पाहुणी ठेवलं. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, अशी म्हण आहे ना? ही सव्वा वर्ष राहिली आणि अक्कल गेली ती माझी.

ती आली कशी हे सांगायचं तर आमच्या वस्तादांपासून सुरुवात करावी लागेल. वस्तादांचा एक दंडक होता : शिकवणारा कोरडा झाला की शिकणारा घाबरतो. शेवटचा विद्यार्थी घरी जाईपर्यंत गुरूने कपडे बदलायचे नाहीत, अंग पुसायचं नाही, ओल्यानेच काठावर उभं राहायचं. म्हणजे पाण्यातल्या माणसाला वाटतं, हा आपल्यातलाच आहे, हाक मारली की येईल. मी हा दंडक तेहेतीस वर्षं पाळला. सकाळी सहाला ओली व्हायचे ती संध्याकाळी पाचला वाळायचे. त्या ओल्या अंगाने मी हिशेबवहीवर बसले आहे, डबा खाल्ला आहे, दुपारी भिंतीला टेकून डुलकी काढली आहे, आणि मला ते आवडायचं गं. ओलं कापड अंगावर असलं की काठावर बसूनही आपण पाण्यातच आहोत असं वाटतं. (आता मागे वळून बघताना आठवतं, वस्ताद शिकवताना सारखे या पायावरून त्या पायावर होत असत. आम्ही तो कवायतीचा भाग समजून तसंच करायचो.)

एका दुपारी अशीच डुलकी लागली होती. स्वप्नात मी तू शिवलेला तो पोशाख घातला होता. आठवतो ना? छत्रीच्या काळ्या कापडाचा, माझ्या आठव्या वर्षी तू हातशिलाईने शिवलेला पहिला पोहण्याचा पोशाख. पाण्यात उडी मारली की त्यात हवा भरायची, मी उपडी तरंगायचे आणि काठावरची माणसं कुणाची तरी छत्री पडली म्हणून आरडाओरडा करायची. स्वप्नात तो पोशाख असा फुगत फुगत गेला की मी पाण्यावरून वर उठले, छताशी पोचले, तिथल्या हलत्या उन्हात शिरले आणि तिथे मला सबंध अंगभर मुंग्या चावायला लागल्या. जाग आली तर अंगभर नव्हत्या. एकाच ठिकाणी होत्या.

पहिले पंधरा दिवस मी ते घडलंच नाही असं समजून काढले. मग औषधाच्या दुकानात गेले. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय ते त्या दुकानात कळतं. मी गेले की काउंटरवर हमखास गर्दी, आणि गर्दीत एक तरी माझा विद्यार्थी. औषधवाला मोठ्यांदा विचारणार, 'बोला बाई, काय देऊ?' आणि मी म्हणणार, 'टूथब्रश.' असं अकरा वेळा झालं. आमच्या घरात माणसं दोन, दात मिळून सत्तेचाळीस आणि ब्रश अकरा. बाराव्या वेळी दुकान रिकामं होतं. मी भिंतीशी ठेवलेल्या वजनकाट्याकडे बघत ट्यूब मागितली आणि त्या भल्या माणसाने ती ब्रशच्याच पिशवीत घालून दिली. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

ट्यूब लावली आणि तिसऱ्या दिवशी पाहुणी गेली. मी इतकी खूश झाले की उरलेली ट्यूब साबणाच्या डबीमागे लपवून ठेवून दिली. तीन आठवड्यांनी पाहुणी परत. पुन्हा ट्यूब, पुन्हा तीन दिवस, पुन्हा अर्धी डबीमागे. हे तीन वेळा. (शेजारणीला विचार, तिच्याकडे अर्ध्या ट्यूबा किती आहेत. विचारूच नकोस, मीच सांगते, तीन तरी असतील.)

मग मी सल्ला घेतला. माझ्या तुकडीत एक बेकरीवाली आहे, दोन्ही हातांनी बोलते आणि पाण्यातही बोलायची थांबत नाही, त्यामुळे तिला तरंगायला शिकवायला मला आठ महिने लागले. तिला मी 'माझ्या एका मैत्रिणीला' असं म्हणून विचारलं. तिने तिथल्या तिथे, छातीभर पाण्यात उभं राहून, तीन उपाय सांगितले. एक, पाव बंद. (बेकरीवालीने पाव बंद करायला सांगावं यावरून मला तिच्या प्रामाणिकपणाची खात्री पटली.) दोन, कोमट पाण्यात व्हिनेगर घालून त्यात बसायचं. तीन, दही, आणि ते खायचं नाही. मी तिन्ही केले. व्हिनेगरच्या टबात बसले तेव्हा आधी आग झाली, मग जास्त आग झाली, मग मी डोळे मिटून घेतले आणि आपण एका लांबच लांब, आंबट समुद्रात वाहत चाललो आहोत असं वाटायला लागलं. दाराबाहेरून ह्यांनी विचारलं, आज कोशिंबीर आहे का? दह्याबद्दल इतकंच सांगते की दही थंड असतं. लसणीचंही एक कुणीतरी सुचवलं होतं, पण लसूण ही फोडणीत घालायची वस्तू आहे यावर मी ठाम राहिले. शेजारणीला सांग, यातलं काहीही करू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार म्हशीला आणि इलाज पखालीला असतो तो तरी बरा, तुम्ही तर म्हशीलाच भाजून काढलंत.

मधल्या काळात जावयाचं प्रकरण झालं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर ही म्हण ज्याने केली त्याला आमच्या घराचा पत्ता कुणी दिला कुणास ठाऊक. त्यातून आमचा जावई कान-नाक-घशाचा, म्हणजे इमारत बरोबर पण मजला चुकलेला. एका रविवारी जेवताना मी अगदी सहज, वाटीकडे बघत, माझ्या मैत्रिणीची हकीकत सांगितली. तो पोरगा इतका गंभीर झाला की त्याने हातातला घास खाली ठेवला. म्हणाला, 'आई, त्यांना सांगा, पुन्हा पुन्हा होत असेल तर आपल्या मनाने ट्यूब लावत बसू नका. आत नक्की काय आहे ते तपासून घ्या. आणि रक्तातली साखरही बघा.' लेक म्हणाली, कोण गं ही मैत्रीण? मी म्हटलं, तू ओळखत नाहीस. त्या दिवसापासून दर रविवारी जावई ताटाकडे बघत विचारायचा, 'आई, मैत्रीण कशी आहे?' मी सांगायचे, तशीच आहे. ह्यांना तर त्या मैत्रिणीचा इतका कळवळा आला की एकदा दुकानातून येताना तिच्यासाठी संत्री घेऊन आले. ती मी तलावावर नेऊन एकटीने खाल्ली. अक्का, माझ्यावर माझ्याच घरात इतकं प्रेम होत होतं आणि ते सगळं दुसऱ्याच बाईच्या नावावर जमा होत होतं. मला तिचा मत्सर वाटायला लागला.

आणि तरी मी गेले नाही. का गेले नाही ते ऐक, कारण तुझी शेजारीणही त्याच कारणासाठी जात नसणार. लाज तर होतीच, पण लाजेच्या तळाशी भीती होती. मला वाटायचं, डॉक्टरकडे गेले की ते म्हणतील, पाणी बंद. पाण्यानेच हे झालंय, बाहेर या. आणि पाण्याबाहेर मी कोण आहे? पन्नाशी उलटलेली, जिना चढताना धापणारी एक बाई. पाण्यातच मला वजन नसतं, वय नसतं. तिथे मी कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही, नुसती पसरलेली असते. ते जाईल म्हणून मी आग सोसत होते, आणि ज्याच्यासाठी सोसत होते तेच करता येईनासं झालं होतं. शिकवताना लक्ष लागेना. कुणी हात मारताना चुकलं तर ते मला दिसेना.

मग एके दिवशी ते झालं. टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या बाई, वय एकसष्ट, पहिल्यांदाच खोल भागात पाठीवर तरंगत होत्या. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर झोपलेल्या बाळासारखं हसू. मला काठावर उभं राहवेना. 'दोन मिनिटांत आले' म्हणून मी कपडे बदलायच्या खोलीत गेले. परत आले तर बाई पाण्यात उभ्या होत्या. खोल पाण्यात कुणी उभं दिसलं तर ते उभं राहिलेलं नसतं, अक्का, ते खाली चाललेलं असतं. मी उडी मारली, बाहेर काढलं, सगळं मिळून तीन सेकंद असतील. बाई खोकल्या, नाक पुसलं आणि मलाच समजावत म्हणाल्या, 'काही नाही हो, डोळे उघडले आणि तुम्ही दिसला नाहीत, एवढंच झालं.' मी त्यांना घरी पोचवलं आणि परत येऊन काठावर बसून रडले. छतावरचं ऊन हलत होतं आणि पहिल्यांदाच मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाई उंच, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, बोलणं मोजकं. मी खुर्चीत बसले (कडेवर, सव्वा वर्षात मी पूर्ण खुर्चीत बसलेच नव्हते) आणि म्हटलं, एका मैत्रिणीसाठी आले आहे.

'मग मैत्रिणीला आत पाठवा आणि तुम्ही बाहेर बसा.'

मी म्हटलं, ती आलेलीच आहे.

बाईंनी चष्मा लावला, माझ्याकडे पाहिलं, काढला. 'बरं. मग दोघी एकदमच पडद्यामागे चला.'

बाकी शेजारणीला सांग, दुखत नाही. कापसाची काडी फिरवून नमुना घेतात, ते काम एका मिनिटाचं आहे. त्यापेक्षा तुझ्या काजंवाल्या बाईशी बोलणं जास्त दुखतं. बोटातून आणि दंडातून रक्त घेतात. मी छताकडे बघत पडले होते. तिथे ऊन नव्हतं, एक पंखा होता, पण पाठीवर पडून वर बघायची मला सवय, त्यामुळे थोड्या वेळाने तोही पाण्यात फिरल्यासारखा दिसायला लागला. बाईंनी विचारलं, झोप लागतेय का? मी म्हटलं, तरंगतेय. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं की काय कोण जाणे.

नमुना बघून कळलं की बुरशी साधीच आहे, पण पक्की मुरलेली. बाई म्हणाल्या, तुम्ही तिला दर वेळी दाराबाहेर काढत होता, फाटकाबाहेर कधीच नाही. तीन दिवसांच्या अंतराने एक अशा तीन गोळ्या, आणि मग आठवड्याला एक, सहा महिने. बरं वाटलं तरी सोडायची नाही. सहा महिने! मी म्हटलं, इतकी औषधं तर मी कुणासाठीच घेतली नाहीत. बाई म्हणाल्या, मैत्रिणीसाठी घ्या. तिथे साबण लावायचा नाही, सुगंधी काही नाही, सुती कपडे. आणि मग मी श्वास रोखून विचारलं, पाणी? त्या म्हणाल्या, 'पाण्याने काय घोडं मारलंय? पाणी सोडू नका, ओलं कापड सोडा. बाहेर आलात की लगेच बदला.' एवढंच! तेहेतीस वर्षांचा दंडक आणि सव्वा वर्षाची आग, आणि औषध काय तर कोरडा टॉवेल. आता माझे पाच पोशाख कठड्यावर ओळीने वाळत असतात. प्रत्येक तुकडीनंतर मी पुसून, बदलून काठावर उभी राहते, खडखडीत कोरडी. पहिल्या दिवशी बायका घाबरतील असं वाटलं होतं. टपालवाल्या बाई म्हणाल्या, बरं झालं, आता तुम्ही लांबूनही ओळखू येता. वस्तादांची मनातल्या मनात माफी मागितली.

रक्ताचं शेवटी सांगते. साखर रेषेच्या किंचित वर निघाली. बाई म्हणाल्या, दर वेळी असं असतंच असं नाही, पण साखर वाढलेली असली की ही बुरशी फिरून फिरून येते, म्हणून बघायचं. आणखी दोन वर्षं टूथब्रशच घेत बसला असतात तर कळलंही नसतं. आता जेवण आवरतं घेतलंय, संध्याकाळी चालते, आणि आकडा रेषेखाली आलाय. घाबरू नकोस. पण मी घरी येताना रस्त्याच्या कडेला एका बाकावर बसले (पूर्ण) आणि मला आईची आठवण झाली.

आई कधी बसायची नाही, आठवतं? उभ्यानेच जेवायची, उभ्यानेच निवडायची. आपण तिला चिडखोर म्हणायचो. आणि दर महिन्याला ती औषधवाल्याकडे जायची आणि म्हणायची, 'आमच्या शेजारणीला हवंय.' मी एकदा शेजारच्या काकूंना जाऊन विचारलं होतं, आता तुम्हाला बरं वाटतंय का, आणि घरी येऊन थोबाडीत खाल्ली होती. का खाल्ली ते मला चव्वेचाळीस वर्षं कळलं नव्हतं. मग पायाची जखम भरेना तेव्हा साखर निघाली, आणि तोवर डोळे गेलेच होते. तू तिच्यासाठी सुया ओवून ठेवायचीस, एका ओळीत, वेगवेगळ्या रंगांच्या. तिची साखर किती वर्षं तशीच वाढत होती ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण कुणीतरी त्या शेजारणीचा पत्ता विचारायला हवा होता. मला त्याचं फार वाईट वाटतं, अक्का.

असो. बायका यायला लागल्या, बेकरीवालीचा आवाज रस्त्यापासून ऐकू येतोय. शेजारणीला माझ्या गोळ्यांची नावं लिहून पाठवत नाही, कारण तिचं दुखणं दिसायला माझ्यासारखं असलं तरी आतून दुसरंच असू शकतं, आणि ते तपासल्याशिवाय कुणालाच कळत नाही. मांजरीच्या पिल्लांना गोंजार. गुडघ्याला जप. थोरामोठ्यांत आता आपणच उरलो आहोत, तेव्हा एकमेकींना नमस्कार आणि एकमेकींना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. : आठवड्याची गोळी विसरू नये म्हणून ह्यांनी माझ्या 'मैत्रिणीसाठी' एक छोटं गजराचं घड्याळ दुरुस्त केलं. दर बुधवारी नऊला वाजतं. तिला नेऊन दे म्हणाले, आणि माझ्याच उशाशी ठेवून दिलं. आमच्या घरातलं तेवढं एकच घड्याळ बरोबर चालतं.

ता. क. दुसरा : पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. अक्का, तुझ्या घराच्या उजवीकडे शाळेची भिंत आहे. डावीकडे ते गोदाम, ज्याचं कुलूप गंजून सहा वर्षं झाली. वर गच्ची आणि खाली तुझंच दुकान. तुला शेजारीण नाही. मागच्या महिन्यात आम्ही दोघं तुझ्याकडे आलो होतो, मी हात धुवायला गेले तेव्हा साबणाच्या डबीमागे चार ट्यूबा होत्या, चारही अर्ध्या. (मी तीन म्हटलं होतं, तू माझ्यापेक्षा चिवट.) आणि तू आमच्याशी बोलत होतीस, चहा देत होतीस, पण पूर्ण वेळ उभी होतीस.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : शुक्रवारी अकराला डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला आहे. कुणाच्या नावाने लावू असं तिथल्या बाईने विचारलं, मी तुझं नाव सांगितलं. गणवेश दोन दिवस थांबतील, मुलं शाळेत जुन्याने जातील. मी बाहेर बाकावर बसेन, हवी तर पडद्यापर्यंत येईन. मग रविवारपर्यंत इथेच राहा. या खेपेला बाई पाण्यात उतर म्हणाल्या तर उतर, नाही म्हणाल्या तर काठावर बसून नुसते पाय सोड, तुझं डोकं मी पुढच्या खेपेला धरीन. छत्रीच्या पोशाखात मी पाण्यात हुंदडायचे तेव्हा तू माझा टॉवेल छातीशी धरून काठावर उभी असायचीस, तासन् तास, आणि मी निळी पडून बाहेर आले की मला त्यात गुंडाळायचीस. या वेळी टॉवेल मी धरून उभी राहते. शेजारणीला आणायचं असेल तर जरूर आण, पण टॉवेल मी एकच आणणार आहे.